भरलेलं पातं

विजापूर वेशीत, आमच्या दुकानाच्या फळीवर
तिनं बिडीच्या पानांच्या ओल्या फडक्यातून
चाकू काढून ठेवला. खिशातला, दोन पात्यांचा.
मी आधी फडकं बाजूला केलं,
हाडाची मूठ पाणी पिते, फुगते, मग तडकते.
"घासून चकाचक करा," ती म्हणाली, "अन् किंमत सांगा."

सगळे हेच म्हणतात.
सगळ्यांना सांगतो तेच तिलाही सांगितलं :
बाई, चकाचक केला की निम्मी किंमत
माझ्याच बोटांना लागून जाते.
लाल गंज काढायचा, काळी झाक राहू द्यायची.
लाल खातो, काळा राखतो.

शिकलगाराच्या नातवानं हे बोलावं!
आजा हसला असता.
पायानं चाक फिरवत, गल्लोगल्ली,
त्यानं या गावच्या सुऱ्या, विळ्या, अडकित्ते
धार लावून लावून बारीक केले.
दर धारेला थोडं पोलाद ठिणगी होऊन जायचं
आणि त्या ठिणग्यांवर आमची चूल.
मी आता न झिजलेल्या पात्यांचे पैसे खातो.

नखानं मोठं पातं उचललं. कमान जिवंत.
अर्ध्यावर थांबलं, पुढं गेलं, खट्.
अब्बा हा आवाज डोळे मिटून ऐकायचे,
आजाऱ्याच्या छातीला कान लावावा तसे.
पात्याच्या मुळाशी शेफिल्डची अक्षरं, एक पुसट.
मिटताना कुठं घासत नाही, मधोमध बसतं.
जुन्या तांब्याच्या पैशाची कड तेलात बुडवून
गंजाचे ठिपके खरवडत बसलो.
बाहेर बेचाळीस डिग्री,
शिलाई मशीनचं तेल पाण्यासारखं पळत होतं.

पण एक हिशेब बसेना.
मूठ इतकी झिजलेली, की हाडावरची खोदीव नक्षी
अंगठ्याच्या जागी चिंचोक्यासारखी गुळगुळीत.
आणि पातं भरलेलं. एकदाही दगडावर न गेलेलं.
माणसानं आयुष्यभर चाकू हातात धरला
आणि काहीच कापलं नाही?

दातकोरण्यानं खाच साफ करायला घेतली
तर आतून कापूस निघाला,
तेलानं काळा, दाबून दाबून नमदा झालेला.

"काय बघलालाव इतकं?"
"वडील गिरणीत होते?"
"हो की."
"जॉबर?"
विचारलं, कारण पुण्याचे एक गृहस्थ
चाकूसोबत चिठ्ठी मागतात, कुणाचा, कुठला,
आणि जॉबरच्या चाकूला हजार जास्त मोजतात.

नरसव्वा गुंडेटी खाली बघून बोलली,
"झाडूवाला. साच्याखालचा कापूस ओढायचा.
त्यात घावला. जॉबरचाच असंल.
द्यायला गेला तर चोर म्हणतील,
ठिवला तर चोरच.
ठिवला.
दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला की
अंधारात हातात घेऊन बसायचा.
उघडायचा नाही.
आवाज व्हतो ना त्याचा."

मी चिठ्ठीचा कागद काढला.
साडेचार हजार. जॉबर लिहिलं तर साडेपाच.
"जॉबर लिवा," ती म्हणाली. "त्याचाच व्हता की."

फळीवर तो कापूस पडला होता, वाटाण्याएवढा.
तिनं उचलला, बिडीचा दोरा पिळावा तसा
दोन बोटांत पिळून पाहिला. लांबेना, तुटेना.
"हे धरलाव का किमतीत?"
"नाही."
पदराच्या टोकात गाठ मारली.

मग, कशाला कोण जाणे, चाकू परत घेतला,
स्वतःच्या नखानं पातं उघडलं,
खट् झालं तशी दचकून
दाराकडं बघितलं,
आणि मिटून माझ्याकडं सरकवला.